तीन कड्यांचे वळ

जरीपटका मागे टाकून कामठी रोडने थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला एक लांब पिवळी भिंत लागायची. भिंतीवरच्या सरकारी पाटीत 'वराह' असा भारदस्त शब्द होता. पण वराह म्हटलं की माणसाला देवळातला अवतार आठवतो, डुक्कर आठवत नाही. म्हणून सगळं उत्तर नागपूर तिला सरळ डुक्कर कंपनी म्हणायचं. इथलं मांस कामठीच्या छावणीत जायचं आणि थोडं रेल्वेला. सुभद्रा इथे अडुसष्ट साली लागली आणि अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त झाली. वीस वर्षांत तिच्या हातची काठी एकाही जनावराला लागली नाही, हे खरं आहे. आणि तिच्यासारखा डूख धरणारी बाई त्या अख्ख्या वस्तीत दुसरी नव्हती, हेही तितकंच खरं आहे. या दोन गोष्टी एका माणसात कशा बसतात असं लोक विचारतात. बसतात. दोन्ही चांगल्या घट्ट बसतात.

तिचं काम डुकरं उतरवून घ्यायचं. ट्रक मागच्या फाटकातून आत यायचा आणि सिमेंटच्या उतरणीला पाठ लावून उभा राहायचा. उतरणीच्या पायथ्याशी मोठा कोठा, कोठ्यापलीकडे अरुंद गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला ते दार, ज्याच्या आत सुभद्राने पाऊल ठेवलं नव्हतं. जनावरं उतरवायची, लंगडी-आजारी बाजूला काढायची, बाकीच्यांना पाणी पाजून, अंगावर पाणी मारून रात्रभर निवांत ठेवायचं, आणि सकाळी गल्लीतून त्या दारापर्यंत पोचवून द्यायचं. आरडाओरडा नाही, शेपूट पिरगाळणं नाही, काठी तर नाहीच. हातात फक्त एक हलकी फळी. फळी आडवी धरली की डुक्कर तिला भिंत समजतं आणि आपण होऊन वळतं.

हा सगळा कायदा डॉक्टर शरच्चंद्र दाण्यांचा. दाणी महालातले, म्हणजे जुन्या नागपुरातल्या सोवळ्या वस्तीतले. घरी ते 'पशुखात्यात आहे' एवढंच सांगायचे. कुठले पशू, हे त्यांच्या आईने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. सहा महिने डेन्मार्कला जाऊन शिकून आले आणि आल्या आल्या आवारातल्या सगळ्या काठ्या गोळा करून बॉयलरमध्ये घातल्या. "भ्यालेल्या जनावराचं मांस पाणचट होतं आणि मारलेल्याचं काळं पडतं," असं ते सगळ्यांना सांगायचे. मग चष्मा पुसत म्हणायचे, "आणि मांसाचं राहू द्या हो. ज्याला मरायचंच आहे त्याचा शेवटचा दिवस तरी सुखाचा जायला पाहिजे." कामगार तोंड फिरवून हसायचे. सुभद्रा हसत नसे. तिच्या नवऱ्याचा शेवटचा दिवस तिने पाहिला होता.

वस्तीतही तिला टोमणे बसायचे. छप्पनच्या दीक्षेला ती आणि नवरा लहानू पांढरे कपडे घालून उभे राहिले होते, आणि आता तीच बाई कत्तलीच्या कारखान्यात? "मी मारत नाई," ती म्हणायची, "मी त्याईले आराम देतो." रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना मात्र पहिलं शील आलं, जीवहिंसा न करण्याचं, की तिचा आवाज आपोआप खाली जायचा. दुसऱ्या शीलाला पुन्हा वर यायचा. शेजारी बसणाऱ्या इंदूबाईला हे ठाऊक होतं, पण ती भली बाई होती, बोलत नसे.

आता लहानूचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू होतं.

लहानू ओमप्रकाश ठेकेदाराच्या ट्रकवर हमाल होता. ओमप्रकाश गावोगावची डुकरं गोळा करून डुक्कर कंपनीला पुरवायचा. पांढरे कडक कपडे, तोंडात पान, आणि हातात बांबूची एक पिकलेली काठी. काठीच्या टोकाला जवळजवळ बसवलेल्या तीन पितळी कड्या. सदुसष्टच्या मे महिन्यात काटोलकडून येताना ट्रक विहिरीजवळ थांबला. ओमप्रकाश झाडाखाली आडवा झाला. ट्रकमधली डुकरं जिभा बाहेर काढून धापा टाकत होती. लहानूला ते पाहवलं नाही. त्याने मागचा फळका अर्धा उघडून बादलीने पाणी पाजायला सुरुवात केली, आणि त्या गडबडीत दोन डुकरं उडी मारून शेतात पसार झाली. ओमप्रकाश उठला. त्याने लहानूला चाकाला धरून ओणवं उभं केलं आणि पाठीवर, कमरेवर, मूत्रपिंडाच्या जागी ती काठी चालवली.

लहानू आपल्या पायांनी घरी आला. सुभद्राने हळद गरम करून लावली. पाठभर लाल वळ उठले होते आणि प्रत्येक वळाच्या टोकाला तीन आडव्या रेघा, शिक्का मारावा तशा.

"पाणी पाजलं म्हनून मारलं, वं," लहानू म्हणाला. "दुसरं काही नाई." रात्री त्याला लघवीतून रक्त गेलं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन चौकीवर गेली. जमादाराने बसवून ठेवलं. संध्याकाळी म्हणाला, उद्या या. उद्या गेले तर म्हणाला, आधी डॉक्टरची चिठ्ठी आणा. चिठ्ठीवाला रजेवर. मग सुट्टी आली, मग कुणाचा तरी बंदोबस्त आला. असं करत नववा दिवस उजाडला तेव्हा कुठे जमादाराने लहानूला सदरा वर करायला सांगितला.

"वळ कुठं हायेत, बाई?" तो म्हणाला. "पाठ तं साफ दिसून राहिली. वळ नाई तं मार नाई."

विसाव्या दिवशी लहानू गेला. कागदावर मूत्रपिंडाचा विकार असं लिहिलं होतं. ओमप्रकाश प्रेतालाही आला नाही, चार माणसंही पाठवली नाहीत. त्याच आठवड्यात त्याचा ट्रक नव्या हमालाला घेऊन रस्त्यावर धावत होता.

मूलबाळ नव्हतं. वर्षभर तिने मिळेल ते काम केलं आणि मग डुक्कर कंपनीत कोठे धुवायला लागली. पोटासाठी म्हणाल तर पोटासाठी. पण पोट भरायला नागपुरात दुसऱ्या जागा काय कमी होत्या? तिथे आठवड्यातून दोनदा ओमप्रकाशचा ट्रक येत होता, म्हणून ती तिथे गेली. त्याचं काय करायचं हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. तो डोळ्यांसमोर असावा एवढंच तिला हवं होतं. उंदराच्या बिळापाशी बसून राहायला मांजराला काही कोणी शिकवत नाही.

पण झालं असं की दाण्यांच्या कायद्यापुढे ओमप्रकाशही मऊ आला. मारलेलं जनावर डॉक्टर परत पाठवायचे. एकदोन खेपा परत गेल्यावर त्याची काठी ड्रायव्हरच्या सीटमागे गेली. आवारात तो हात जोडून हिंडायचा. "काय सुभद्राबाई, बरं आहे ना?" असं विचारायचा. तो आपल्याला ओळखत नाही याची सुभद्राला खात्री होती. हमालांच्या बायका कोण ओळखतो? ती मान हलवायची आणि फळी घेऊन उतरणीकडे जायची. तळपायाची आग मस्तकात जायची, पण चेहऱ्यावर रेघ उमटू द्यायची नाही. हे तिला फार चांगलं जमायला लागलं होतं.

सत्तर साली एक दिवस डॉक्टरांनी तिला केस काढलेली जनावरं टांगतात त्या खोलीच्या बाहेरच्या दाराशी बोलावलं. एका धडावर बोट ठेवून ते म्हणाले, "सुभद्राबाई, उतरवून घेताना तुम्हाला हे कळायला हवं. जिवंतपणी केसांत नि चिखलात काही दिसत नाही. गरम पाण्याच्या हौदातून काढून केस खरवडले की सगळं वर येतं. हा लाल म्हणजे आजचा मार. जांभळा म्हणजे काल-परवाचा. हिरवट झाला की चार-पाच दिवसांचा. मग पिवळा. आठवडा उलटला की वर काही राहत नाही, पण मुका मार असला तर आत, मांसात सापडतो."

सुभद्राने त्या धडावरच्या लाल वळाजवळ बोट नेलं.

"डाक्टर सायब, मानसाचं बी असंच असते काय?"

"माणसाचंही असंच."

ती कोठ्यामागे गेली आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसली. तीन वर्षं तिला वाटत होतं की आपलंच चुकलं, आपण वळ नीट दाखवले नाहीत. आता कळलं की जमादाराला सगळं माहीत होतं. नऊ दिवस कशाला बसवलं तेही कळलं. तिने टाकीच्या पाण्याने तोंड धुतलं आणि मनाशी एक गोष्ट पक्की केली. ओमप्रकाशच्या काठीचा लाल वळ, ताजा, त्याच दिवशीचा, चार मोठ्या माणसांना दाखवायचा. कुठल्या जनावराच्या पाठीवर, ते तिने तेव्हा ठरवलं नव्हतं.

सासू आली ती बाहत्तर साली. ओमप्रकाशच्याच ट्रकमधून उतरली, मागचा एक पाय ओढत. कुठल्या तरी गावात पकडताना कोणी तरी तो तुडवला होता. लंगडं जनावर आधी मारायचं असा नियम. पण डॉक्टरांनी पोट चाचपलं तर गाभण निघाली. वाचली. व्याली, पिलं विकली गेली, आणि ही आपली कोठ्यात राहिली. मग एक दिवस कोणाच्या तरी लक्षात आलं की ट्रक लागला की ही लंगडत उतरणीवर जाते, नव्या जनावरांना हुंगते, आणि वळून खाली चालायला लागते. आणि काय आश्चर्य, घाबरून कोपऱ्यात चिकटलेली चाळीस-चाळीस डुकरं हिच्या मागोमाग रांगेने उतरतात. जे काम चार माणसांना तासभर ओरडून जमत नव्हतं ते ही बया पाच मिनिटांत करायची. नाक वर, मागे वळून पाहणं नाही, आपल्यामागे सगळे येणारच असा तोरा. सुभद्राने तिचं नाव सासू ठेवलं.

"चाल वं सासू, पाहुने आले," एवढं म्हटलं की पुरे.

दुपारी सुभद्रा डबा खायची तेव्हा सासू तिच्या पायाशी पडलेली असायची. शेवटचा घास तिचा. लहानूच्या गोष्टी त्या बाईने जगात कोणाला सांगितल्या असतील तर या डुकरिणीला. दुखऱ्या पायाला ती रोज कडूतेल चोळायची. सासरी सुख मिळालं नाही, पण सासू मात्र चांगली मिळाली, असं ती म्हणायची, आणि हे म्हणताना ती खरोखर हसायची.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात बातमी आली. छावणीचे एक मेजर येणार, जनावरं कशी आणतात, कशी उतरवतात ते डोळ्यांनी पाहणार आणि मगच पुढच्या तीन वर्षांचा पुरवठा कोणाकडे द्यायचा ते ठरवणार. ओमप्रकाशने हे तीन वर्षांचं काम गृहीत धरून दोन नवे ट्रक घेतले होते. आठवडाभर तो रोज येऊन उतरण धुवून घेत होता. सुभद्राला म्हणाला, "तुया सासूवर सगळी भिस्त आहे बरं का."

तेव्हा तिला वाट दिसली. अगदी सोपी. तिला कोणालाही हात लावायचा नव्हता, कोणाविरुद्ध बोलायचं नव्हतं. एक काम फक्त करायचं नव्हतं.

त्या सकाळी तिने सासूला मागच्या आजारी जनावरांच्या कोठीत नेलं, कडी घातली आणि कडीला नवी तार पिळून बांधली. सासू फटीतून नाक बाहेर काढून पाहत राहिली.

"सासू कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोट बिघडलं तिचं, सायब." नोकरीत ती पहिल्यांदा खोटं बोलली. जीभ अडखळलीही नाही.

ट्रक साडेदहाला आला. मेच्या उन्हात साडेदहा म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको. फळका उघडला. मेजर छत्रीखाली उभे, शेजारी डॉक्टर. आतली डुकरं पार मागच्या कोपऱ्यात एकमेकांत घुसून बसलेली. एकही पुढे येईना. सुभद्राने बादली वाजवली, जिभेने आवाज केला, पण कसा, तर सरकारी कामासारखा. पाच मिनिटं गेली. दहा गेली. डुक्कर घामेजत नाही. ऊन त्याच्या आतच साठतं. एक जनावर आडवं झालं, तोंडाला फेस आला. सुभद्राने मागच्या कोठीकडे पाहिलं. सासूला सोडायला वीस पावलं होती. अशाच डुकरांना पाणी पाजायला लहानूने फळका उघडला होता, हे तिला कळत होतं, चांगलं कळत होतं. ती जागची हलली नाही. दहा वर्षं ती या दहा मिनिटांसाठी जगली होती.

"लाव ना फळी, बाई," ओमप्रकाश दात दाबून म्हणाला. कडक सदरा पाठीला चिकटला होता.

"फळीनं बिचकतात, ठेकेदार. जबरदस्ती चालत नाई इथं. कायदा आहे."

मेजरांनी घड्याळ पाहिलं. ओमप्रकाशने ते पाहिलं. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ तिथे दिसला. तो ड्रायव्हरच्या बाजूला गेला, सीटमागून काठी काढली, चाकावर पाय देऊन ट्रकमध्ये उतरला आणि सपासप मारत सुटला. डुकरांनी जी किंकाळी फोडली ती रस्त्यापलीकडे ऐकू गेली. डॉक्टर ओरडत पुढे धावले. सुभद्राच्या मनात उकळ्या फुटत होत्या. मार, ती मनात म्हणत होती, अजून मार, मोठ्या माणसांपुढे मार.

आणि मागे काहीतरी मोडल्याचा आवाज झाला.

तार पक्की होती, पण दाराची खालची फळी कुजकी होती. सासू ती मोडून निघाली आणि लंगडत, धापा टाकत सरळ उतरणीवर चढली. डुकरं ओरडत होती आणि ट्रक लागला होता. तिला तिचं काम माहीत होतं.

"सासू, मागं ये," सुभद्रा म्हणाली. "ये वं, मागं ये." या वेळी आवाज सरकारी नव्हता. पण सासू ट्रकच्या तोंडाशी पोचली होती. धुळीत, घामात, रागात ओमप्रकाशला सगळी डुकरं सारखीच. तोंडाशी आडवं आलेलं हे आणखी एक. काठी तिच्या पाठीवर तीनदा पडली आणि चौथ्यांदा त्या मागच्या पायावर. मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सासू पडली नाही. वळली, आणि तीन पायांवर उतरण उतरायला लागली. तिच्या मागे एक आलं, मग दुसरं, मग सगळी आली, आणि अख्खा ट्रक शांतपणे कोठ्यात गेला. मग ती कोठ्याच्या दारात बसली आणि तिला उठता येईना.

जे जनावर उठू शकत नाही त्याला ओढायचं नाही, ताटकळत ठेवायचं नाही, जिथे आहे तिथेच लगेच सोडवायचं. हाही दाण्यांचाच कायदा, आणि सुभद्राने तो इतक्या वेळा पाळला होता की आता तोंड उघडायला जागा नव्हती. ती सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली. डबा अजून खाल्ला नव्हता. तिने भाकरीचा तुकडा मोडून सासूच्या तोंडाशी धरला. सासूने खाल्ला. डॉक्टरांनी पिस्तूल टेकवलं तेव्हा सुभद्राने हात काढला नाही.

मेजर म्हणाले, हे जनावर मला आतून पाहायचं आहे. त्या दिवशी सुभद्राने पहिल्यांदा त्या दाराच्या आत पाऊल टाकलं. गरम पाण्याच्या हौदातून सासू निघाली, केस खरवडले गेले, आणि पांढऱ्या पाठीवर तीन आणि मागच्या पायावर एक असे चार लाल वळ वर आले. प्रत्येकाच्या टोकाला तीन आडव्या रेघा.

"हे आजचे," डॉक्टर म्हणाले. "तासाभरापूर्वीचे."

मेजरांनी काठी मागवली, वळावर ठेवून पाहिली. तिन्ही कड्या रेघांवर बसल्या. ओमप्रकाश दारात उभा होता. त्याच्याकडे न पाहता मेजर इंग्रजीत दोन वाक्यं बोलले, आणि तीन वर्षांचा पुरवठा, दोन नवे ट्रक, सगळं तिथेच संपलं. सुभद्रा वळांकडे पाहत होती. दहा वर्षांपूर्वी तिने यांनाच हळद लावली होती.

खोटं कशाला सांगायचं, तिला आनंद झाला. इतका की संध्याकाळी घरी जाऊन ती रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त जेवली. शेवटचा घास तिने सवयीने बाजूला काढून ठेवला, आणि तो पाहून मग ती रडली.

हात धुताना डॉक्टर तिला एवढंच म्हणाले होते, "सुभद्राबाई, सासूचं पोट मी उघडून पाहिलं. चांगलं होतं." तारेचा तुकडा त्यांच्या खिशातून डोकावत होता. तिने मान खाली घातली. त्यांनी पुढे कधी विचारलं नाही आणि कामाचा तक्ताही बदलला नाही. उतरवून घेण्याच्या कामावर तिचंच नाव राहिलं.

तीन दिवसांनी ओमप्रकाश फाटकाशी आला. कपडे चुरगळलेले, तोंडात पान नाही.

"तू लहानूची बायको ना?"

सुभद्रा चमकली. "तुमाले माहीत होतं?"

"पयल्या दिवशीच वळखलं होतं. म्हनून तं तुया समोर नऊ वर्षं काठी काढली नाई मी. एक दिवस हात सुटला." त्याने हात जोडले. "डाक्टर तुयं ऐकते. एवढंच सांग का ते डुकरीन मधात आली, चुकून लागली. खोटं नाई ते. तुया एका शब्दानं माया संसार वाचते."

तिला वाटलं होतं या माणसाला आपण कोण ते सांगावं लागेल. सगळं पाठ करून ठेवलं होतं, रात्र-रात्र घोकलं होतं. आता सांगायला काही उरलंच नव्हतं.

"काठी टाकली काहून नाई मंग?" तिने विचारलं.

"काय?"

"नऊ वर्षं सीटमागं ठेवली ना. टाकली असती तं त्या दिवशी हाताले लागली नसती."

त्याने जोडलेले हात आणखी वर केले. मग पुन्हा म्हणाला, "शब्द टाकशील ना, बाई?"

"नऊ दिवसांनी या," सुभद्रा म्हणाली. "वळ उतरू द्या, मंग पाहू." आणि तिने फाटक लावून घेतलं.

तो नवव्या दिवशी आला की नाही, कोणाला ठाऊक नाही. पुढे दोन्ही ट्रक गेले, मग तोही नागपुरातून गेला. त्याच्याबद्दल सुभद्राला मरेपर्यंत एकदाही वाईट वाटलं नाही, आणि कोणी वाटायला हवं होतं असं म्हटलं तर ती उठून जायची. पण त्या रविवारी विहारात पहिलं शील आलं तेव्हा तिचा आवाज नुसता खाली गेला नाही. तिने ते म्हटलंच नाही. इंदूबाईने वळून पाहिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती दुसऱ्या शीलापासून सुरुवात करायची.

आणि कोठ्यावरचं काम? नव्या ठेकेदाराचा पहिला ट्रक लागला तेव्हा डुकरं पुन्हा कोपऱ्यात चिकटली. पुढे चालायला कोणी नव्हतं. कोठ्यावरच्या पोरांनी काठी शोधली नाही, सुभद्राकडे पाहिलं. तिने फळी भिंतीला टेकवली, लुगडं खोचलं आणि उतरण चढून ट्रकच्या तोंडाशी गेली. खाली बसून त्यांना आपला हात हुंगू दिला. मग वळली आणि मागे न पाहता, एक पाय जरा ओढत, हळूहळू खाली चालायला लागली. थोड्या वेळाने मागे खुरांचा आवाज आला.

पुढची अकरा वर्षं ती अशीच पुढे चालली. कोठ्यावरची पोरं तिला हसत सासूबाई म्हणायला लागली. ती ओ द्यायची.